राक्षसशिकारी आणि रिकामी बसलेली नात



"आजी, मी एक नवीन क्लास डिझाइन केलाय," असं मोठा नातू दिवाळीच्या सुट्टीत म्हणाला, तेव्हा मला वाटलं हा आता शिकवण्या काढतोय की काय! 34 वर्षं शाळेत काढलेल्या बाईला दुसरं काय सुचणार? पण हा क्लास म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळातला पेशा. एक जण गोष्ट सांगतो, त्याला डंजन मास्टर म्हणायचं. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. वार लागला की हुकला, ते वीस बाजूंच्या फाशावर ठरतं.

नातवाच्या पेशाचं नाव 'राक्षसशिकारी'. कुठल्याही राक्षसावर दुप्पट घाव, अंधारात दिसणार, विष बाधणार नाही. मी विचारलं, "आणि समतोल?" तर म्हणाला, "आहे ना! साध्या माणसाशी लढताना त्याला जास्तीचं काहीच मिळत नाही." पण गोष्ट सांगत होता त्याचा चुलतभाऊ, आणि त्याच्या गोष्टीत साधा माणूस औषधालाही नव्हता.

तिसऱ्या लढाईच्या वेळी धाकटी नात उठून स्वयंपाकघरात आली. ती खेळात जादूगार होती. "आजी, लाडू वळू लागू का?"

"अगं, तुझा डाव चाललाय ना?"

"माझा डाव येईपर्यंत राक्षस मेलेला असतो."

हे वाक्य काही माझ्या डोक्यातून जाईना. सुट्टीभर नातवाकडून पुस्तकं मागून घेतली, खोदून खोदून विचारलं आणि वहीत टिपणं काढली. (सवय जात नाही!) तेव्हा कळलं की ही अडचण त्या खेळाइतकीच जुनी आहे.

हा खेळ अमेरिकेत 1974 साली छापला गेला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन हे त्याचे कर्ते. त्याआधी अर्नेसन आपल्या मित्रमंडळींबरोबर 'ब्लॅकमूर' नावाच्या काल्पनिक मुलखात खेळत असत. तिथे एका खेळाडूचं पात्र व्हँपायर झालं आणि कुणालाच आवरेना. त्याला आळा घालायला ड्रॅक्युलाच्या चित्रपटांतल्या व्हॅन हेल्सिंगच्या धर्तीवर एक धर्मोपदेशक आणला गेला. तोच पुढे 'क्लेरिक' हा पेशा झाला. म्हणजे पहिला राक्षसशिकारी जन्मला तोच मुळी समतोल राखायला! त्याचा खास अधिकार चालायचा फक्त भुताखेतांवर, आणि धारदार शस्त्र वापरायला त्याला बंदी होती.

मग 1975 साली 'द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू' या नियतकालिकात जो फिशर यांनी 'रेंजर' आणला. 1978 च्या पुस्तकात हा रेंजर राक्षसकुळातल्या शत्रूवर आपल्या पातळीइतका जादा घाव घालू लागला. त्या कुळाच्या यादीत गॉब्लिनपासून ट्रोलपर्यंत सगळे, म्हणजे पावलोपावली भेटणारे. त्याला लगाम म्हणून अटी घातल्या. स्वतःला आणि घोड्याला वाहून नेता येईल तेवढीच मालमत्ता ठेवायची, तीनपेक्षा जास्त रेंजरांनी एकत्र यायचं नाही. अटी छान आहेत, माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. पण त्याच्या पिशवीत सोनं कमी असल्याने शेजारी बसलेल्या मुलीचा डाव लवकर येत नाही.

2014 च्या आवृत्तीत लंबक उलटीकडे गेला. सुरुवातीलाच आपला शत्रू निवडायचा. त्याचा माग काढणं आणि त्याची माहिती आठवणं सोपं होणार, पण जादा घाव नाही. आणि तो शत्रू गोष्टीत आलाच नाही तर? परीक्षेला एकच धडा पाठ करून येणारी मुलं मी कमी पाहिली नाहीत. धडा आला तर पैकीच्या पैकी, नाही तर कोरा पेपर. बऱ्याच खेळाडूंची तक्रार हीच होती. म्हणून 2020 च्या पुस्तकात पर्याय दिला की कुठल्याही शत्रूवर खूण करा आणि थोडा जादा घाव घाला. 2024 च्या आवृत्तीत तर खूण करण्याचा मंत्रच रेंजरचा मुख्य आधार झाला. हिशेब जुळला, पण शत्रूला ओळखणं मात्र मागे पडलं.

मॅथ्यू मर्सर यांचा 'ब्लड हंटर' मला त्यातल्या त्यात आवडला. तो स्वतःचं रक्त सांडून शस्त्राला धार आणतो, फुकट काही मिळत नाही. पण बरोबर क्लेरिक असला तर जखमा भरायचं काम त्याच्या गळ्यात पडतं. उधारी एकाची, फेडणार दुसरा!

माझं मत असं. समतोल म्हणजे सगळ्यांना सारखे गुण नव्हेत. प्रत्येकाचा डाव यावा आणि त्या डावाने काहीतरी बदलावं, हा समतोल. म्हणून शिकाऱ्याचं बळ मनगटात न ठेवता अभ्यासात ठेवावं. त्याने पावलांचे ठसे बघावेत, गावकऱ्यांना विचारावं. एक खूण सापडली की राक्षसाचं एक मर्म कळेल, आणि ते सांगितलं की सगळ्यांच्या उपयोगी पडेल. उदाहरणार्थ ट्रोल. त्याच्या जखमा आपोआप भरतात, फक्त आगीने किंवा आम्लाने ते थांबतं. शिकाऱ्याने हे शोधायचं आणि आग टाकायची जादूगाराने. राक्षस बदलला की अभ्यास नव्याने, म्हणजे जुन्या धड्यावर निभणार नाही. अभ्यास केलाच नाही तर तो साध्या योद्ध्यापेक्षा जरा कमीच.

नातवाला हे ऐकवलं तर तो हिरमुसला. "आजी, मग शिकारी व्हायचं कशाला? मजा मारण्यातच तर असते." त्याचंही चूक नाही. वर्गात उत्तर शोधणाऱ्याला ते फळ्यावर लिहायलाही मिळालं पाहिजे. म्हणून मी तडजोड केली. मर्म शोधलेल्या राक्षसावर त्याला एक घाव दुप्पट, दिवसातून एकदाच. तो म्हणाला, "विचार करतो."

मंडळी परत गेली. वहीचं ते पान त्याने फाडून नेलंय, याला मी होकार समजते. काल धाकटीचा फोन आला होता. मे महिन्यात सगळी परत येणार आहेत. तिने एवढंच विचारलं, "आजी, दादाच्या गोष्टीत ट्रोल येणारे का गं?"

मी काय सांगणार! गोष्ट सांगणाऱ्या नातवाला आता फोन करायला हवा. :)