पोटातल्या पहारेकऱ्यांना मारू नका

आंबट ढेकर आली की आपण म्हणतो ‘पित्त झालं’. अंगावर गांधी उठल्या की ‘पित्त उठलं’. कुणी चिडलं तर त्याचं ‘पित्त खवळलं’. या तिन्हींशी खऱ्या पित्तरसाचा संबंध नाही. आंबट ढेकर येते ती जठरातल्या आम्लामुळे. पित्तरस यकृतात तयार होतो, पित्ताशयात साठतो आणि जेवणातले तेल-तूप पचवायला लहान आतड्यात उतरतो.

शाळेत आपण इथवर शिकलो. पुढची गोष्ट गेल्या काही वर्षांत उलगडली आहे आणि ती प्रत्येक घराने समजून घ्यावी अशी आहे.

यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले बनवते. काम झाल्यावर त्यातली सुमारे ९५ टक्के लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून शोषली जाऊन यकृताकडे परततात. उरलेली मोठ्या आतड्यात जातात. तिथले अब्जावधी जिवाणू त्यांचे रूप बदलतात. ही बदललेली पित्ताम्ले काही रोगजंतूंची वाढ रोखतात आणि आतड्यातल्या प्रतिकारक पेशींना केव्हा लढायचे, केव्हा थांबायचे याचा इशाराही देतात. २०१९ साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत उंदरांवरचा एक अभ्यास आला. पित्ताम्लापासून बनणारा एक पदार्थ दाह वाढवणाऱ्या पेशींना आवर घालतो, तर दुसरा दाह शमवणाऱ्या पेशी वाढवतो, असे त्यात दिसले. २०२१ साली जपानच्या संशोधकांना शंभरी गाठलेल्यांच्या पोटात असेच एक पित्ताम्ल जास्त आढळले. त्यामुळेच ते शंभर वर्षे जगले, असे मात्र सिद्ध झालेले नाही.

आता आपल्या वस्तीत काय चालते ते पाहा. जुलाब लागले की मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय दोन-चार अँटिबायोटिक गोळ्या आणायच्या आणि बरे वाटले की उरलेल्या डब्यात ठेवायच्या. बरेचसे जुलाब विषाणूंमुळे होतात आणि विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. गोळी मारते ते आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंना. ते मेले की पित्ताम्लांचे रूप बदलत नाही. क्लोस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल नावाच्या घातक जंतूचे बीजाणू नेमक्या अशा पोटात रुजतात. न बदललेले पित्ताम्लच त्यांना जागे व्हायला मदत करते. मग जुलाबांवर घेतलेल्या गोळीतूनच अधिक वाईट जुलाब उद्भवू शकतात.

याचा सगळा दोष गरिबाच्या अडाणीपणावर ढकलणे मला मान्य नाही. ज्याचा एक दिवसाचा खाडा म्हणजे त्या दिवसाची चूल बंद, तो दवाखान्याच्या रांगेत दिवस घालवणार कसा? अनेक अँटिबायोटिके २०१४ पासून ‘शेड्यूल एच-१’मध्ये आहेत. ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, विक्रीची वेगळी नोंदही ठेवावी लागते. हा नियम दुकानाच्या काउंटरवर दिसत नसेल तर त्याचा जाब विचारला पाहिजे. आणि जवळच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर व ओआरएस मिळणे हा आपला हक्क आहे, कुणाचे उपकार नव्हेत.

आपल्या हातातही बरेच आहे. जुलाब झाले की आधी ओआरएस. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी याच साध्या मीठ-साखरेच्या द्रावणाने असंख्य जीव वाचवले. लहान मुलांना सोबत डॉक्टर किंवा आशाताईंच्या सल्ल्याने १४ दिवस झिंक द्यावे. शौचातून रक्त, जोराचा ताप, लघवी कमी होणे, मूल सुस्त पडणे यांपैकी काही दिसले तर एक क्षणही न दवडता दवाखाना गाठावा.

डॉक्टरांनी तपासून अँटिबायोटिक दिले असेल तर ते सांगितल्याप्रमाणे घ्यावे. क्षयरोगाची औषधे तर मध्येच मुळीच सोडू नयेत. आपला विरोध आहे तो विनाकारण घेतलेल्या गोळीला, औषधाला नव्हे.

पोटातल्या जिवाणूंचे अन्न म्हणजे चोथा. ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकी, हरभरा, पालेभाजी यांत तो भरपूर आहे. पुढच्या वेळी दुकानदाराने न विचारता गोळी पुढे केली तर एकच प्रश्न विचारा : ही कशासाठी, आणि कुणाच्या सांगण्यावरून?