दुपारी दळा, रात्रीचा उजेड राखा

सौरग्रीडवर चालणाऱ्या वाड्यापाड्यांवरच्या बंधुभगिनींनो,

शहरात कुणी एसी लावला तर कोयनेच्या वीजकेंद्राला त्याची खबरही लागत नाही. आपलं तसं नाही. पुणे जिल्ह्यातल्या दरेवाडीत २०१२ साली ३९ घरांसाठी सौरग्रीड उभी राहिली, ती ९.४ किलोवॅटची. एवढ्याशा ग्रीडमध्ये एका घरात बटण दाबलं की त्याचा भार सगळ्या पाड्यावर येतो.

हिशेब करून बघा. एलईडी दिवा ९ वॅटचा, इस्त्री १००० वॅटची. इस्त्री चालू असते तेवढा वेळ १११ दिव्यांची वीज एकट्या घरात जाते. ३९ घरांत तीन-तीन दिवे धरले तर होतात ११७. म्हणजे संध्याकाळी सातला एका घरात शर्टाला इस्त्री फिरते, तेव्हा जवळजवळ सगळ्या पाड्याच्या उजेडाएवढी वीज तिथे खर्च होते. कॉइलची शेगडी तर २००० वॅटची.

म्हणून पहिली विनंती: जड काम उन्हात उरका. पिठाची गिरणी, पाण्याचा पंप, इस्त्री, सगळं अकरा ते तीनमध्ये. त्या वेळी पॅनेलची वीज थेट कामाला लागते. बॅटरी भरली आणि वापरणारं कुणी नसलं, तर तीच वीज वाया जाते. रात्रीचं प्रत्येक युनिट मात्र बॅटरीतून येतं, आणि बॅटरीत भरताना-काढताना थोडी वीज गळतेच. शिवाय गिरणीची मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. दिवेलागणीला गिरणी लावली की इन्व्हर्टर ट्रिप होतो आणि सगळी घरं अंधारात जातात.

दुसरी विनंती: बॅटरी रोज तळापर्यंत उपसू नका. लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याच्या खाली वारंवार गेली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. आषाढ-श्रावणात ढग हटत नाहीत, तेव्हा टीव्ही कमी करा आणि दिवे राखा.

तिसरी: नवं उपकरण आणण्याआधी ग्रीड सांभाळणाऱ्या समितीला सांगा. फ्रिज हवासा वाटणं यात काही गैर नाही. पण भार कळला तरच पॅनेल आणि बॅटरी वाढवता येतात. बिहारमधल्या धरनई गावात २०१४ साली १०० किलोवॅटची सौरग्रीड आली, तिचं मोठं कौतुक झालं. पुढे टीव्ही-फ्रिजचा भार वाढला, मोठ्या ग्रीडची स्वस्त वीज गावात आली, बॅटऱ्या संपल्या. काही वर्षांनी सौरकेंद्राच्या जागेत जनावरं बांधलेली दिसली.

चौथी: महिन्याची वर्गणी थकवू नका. ऊन फुकट आहे, बॅटरी फुकट नाही. काही वर्षांनी ती बदलावीच लागते, आणि तेव्हा पैसा गावाच्या खात्यात असला तरच ग्रीड जगते.

हे नियम आपल्याला परके नाहीत. १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या मापाने दिलं नाही, घरातल्या माणसांच्या संख्येने दिलं, आणि उसाला मनाई केली. ऊस वाईट म्हणून नव्हे; एकाच्या उसाने दहा जणांची ज्वारी वाळते म्हणून. आपल्या ग्रीडवर रात्रीची शेगडी म्हणजे तोच ऊस.

तेव्हा या आठवड्यातच पाड्याची बैठक घ्या. गिरणीची वेळ ठरवा, पंपाची वेळ ठरवा आणि खडूने समाजमंदिराच्या भिंतीवर लिहा. दळणाचा डबा दुपारी बाराला गिरणीवर न्या. रात्री आठला पुस्तक उघडून बसलेल्या पोरांचा दिवा त्यावरच टिकणार आहे.