शब्द इंग्रजीचे, वाक्य मराठीचं

जून-जुलै आला की परकीय भाषांच्या वर्गांच्या जाहिराती झळकू लागतात. पुण्यात त्याचं कुणाला नवल वाटत नाही. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमधून जर्मन, फ्रेंच, रशियन शिकून बाहेर पडलेली माणसं इथे घरोघर सापडतात. स्पॅनिश त्या मानाने या रांगेत उशिरा आली, पण आता बरीच पुढे सरकली आहे. वीस देशांची ती राजभाषा, जवळपास पन्नास कोटी माणसांची मातृभाषा. मेक्सिको-कोलंबियातल्या ग्राहकांशी बोलणाऱ्या नोकऱ्या आहेत. आणि ‘मनी हाइस्ट’ या नावाने आपल्याकडे गाजलेली माद्रिदच्या दरोडेखोरांची मालिकाही आहेच. त्यामुळे ‘स्पॅनिश कशी शिकावी’ हा प्रश्न या सदराच्या वाचकांकडून वरचेवर येतो. विचारणाऱ्याला अ‍ॅपचं नाव हवं असतं. कामाची साधनं पुढे सांगतोच, पण माझं खरं उत्तर वेगळं आहे: मराठीतून शिका.

हे ऐकून लोक हसतात. स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्ही युरोपातल्या, लिपी एक, शब्द सारखे. मग मध्ये मराठीचं काय काम? शब्दांपुरतं हे खरं आहे. वाक्य बांधायला बसलं, की इंग्रजी पदोपदी आडवी येते आणि मराठी मुकाट्याने मदत करते. अडचण अशी, की आपल्या हातात पडणारी पुस्तकं आणि अ‍ॅप बहुतेक करून इंग्रजी मातृभाषा असलेल्यांसाठी लिहिलेली असतात. इंग्रज माणसाला जे विचित्र वाटतं, ते तिथे दोन-दोन पानं समजावलेलं असतं. आपल्याला ते जन्मापासून येत असतं आणि तरीही आपण ते इंग्रजी डोक्याने पुन्हा शिकत बसतो.

‘आवडणं’ हेच घ्या. स्पॅनिशमध्ये ‘मे गूस्ता एल मांगो’, पण आंबे अनेक झाले की ‘मे गूस्तान लोस मांगोस’. इंग्रजी पुस्तक इथे घाम गाळतं: वाक्य उलटं करा, आवडणारी वस्तू कर्ता समजा, माणूस मागे ढकला. मराठी माणसाला सांगायचं ते इतकंच: मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात. धडा संपला. ‘मे दुएले ला काबेसा’ म्हणजे डोकं दुखतं. दुखणारं डोकंच तिथे कर्ता, जसं आपल्याकडे. हातून पेला पडला तर इंग्रज म्हणतो मी पाडला, आणि गुन्हा अंगावर घेतो. स्पॅनिश माणूस म्हणतो ‘से मे कायो एल बासो’. पेला पडला, माझ्या हातून. आपल्या घरांत काचेची भांडी फुटतात तीही नेहमी अशीच.

माझा सगळ्यात आवडता नमुना मात्र ‘ला’ प्रत्ययाचा. शाळेत विभक्तीचा तक्ता घोकला असेल तर आठवा: द्वितीया स-ला-ते, चतुर्थी स-ला-ते. दोन्हींचे प्रत्यय एकच कसे, असा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही आणि मास्तरांनीही सांगितलं नाही. स्पॅनिशमध्ये ‘आ’ हे चिमुकलं शब्दयोगी हीच दोन्ही कामं करतं. ‘ले दोय एल लीब्रो आ मि एर्मानो’: मी भावाला पुस्तक देतो. ‘बेओ आ मि एर्मानो’: मी भावाला बघतो. पण घर बघायचं असेल तर नुसतं ‘बेओ मि कासा’, तिथे ‘आ’ गायब. मराठीतही आपण ‘भावाला बघतो’ आणि ‘घर बघतो’ म्हणतो. ‘घराला बघतो’ म्हणणारा माणूस एकतर कवी असतो किंवा परप्रांतीय. सजीव, ओळखीचं, ठरावीक असं कर्म असेल तर त्याला खूण लावायची, वस्तूला लावायची नाही, ही सवय दोन्ही भाषांना आहे. घरच्या कुत्र्यालासुद्धा तो मान दोन्हीकडे मिळतो. इंग्रजी बोलणारे विद्यार्थी हा ‘आ’ वर्षानुवर्षं विसरत राहतात. आपण विसरायचं काही कारण नाही. फक्त मनात इंग्रजी वाक्य आधी उभं करायचं नाही.

असं बरंच आहे. ‘जेवलास का?’ म्हणताना आपण ‘तू’ गाळतो, स्पॅनिशही गाळते. इंग्रजीतून आलेला विद्यार्थी मात्र प्रत्येक वाक्याच्या तोंडी ‘यो’ लावतो आणि दर क्षणी ‘मी, मी’ करणाऱ्या माणसासारखा ऐकू येतो. भूतकाळाच्या दोन तऱ्हा इंग्रजी विद्यार्थ्याला छळतात. लहानपणी आजोळी जायचो, ते ‘ईबा’. परवा आजोळी गेलो, ते ‘फुई’. एवढं कळलं की त्या प्रकरणातलं बरंचसं हाती आलं. आणि ज्याच्या नावाने अर्धा वर्ग गळतो तो सब्जंक्टिव्ह? ‘मला यायचंय’ हे साधं, ‘किएरो बेनिर’. पण ‘तू यावंस अशी माझी इच्छा आहे’ म्हटलं की क्रियापदाचं रूप बदलतं, ‘किएरो के बेंगास’. आपण विध्यर्थ वापरतो तिथे तेही रूप फिरवतात. जोडी सगळीकडे जुळत नाही. ‘तू येशील तेव्हा’ इथे आपण भविष्यकाळ लावतो आणि स्पॅनिश सब्जंक्टिव्हच. तरी घटनेचं एक रूप आणि इच्छेचं दुसरं, ही कल्पना आपल्याला नवी नसते, आणि खरी अडचण कल्पनेचीच असते.

उच्चारांबाबत तर आपण हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागतो. स्पॅनिशमधला ‘त’ आणि ‘द’ दातांचे आहेत, आपल्यासारखेच. ‘तोदो’ म्हणजे सगळं. इंग्रजी माध्यमात वाढलेला मराठी मुलगा रोमन अक्षरं बघतो आणि ‘टोडो’ म्हणतो, ‘ताको’ला ‘टाको’ करतो. घरात दिवसभर निर्दोष त-द म्हणणारी जीभ रोमन लिपी दिसताच टाळूकडे वळते! क आणि प यांतही इंग्रजीसारखी हवा सोडायची नाही; आपल्या ‘काका’ आणि ‘पापड’ यांतले क-प तसेच्या तसे चालतात. स्वर पाचच, सगळे स्वच्छ. म्हणून सुरुवातीचे दोन महिने वहीत उच्चार देवनागरीत लिहावेत. शिक्षक नाक मुरडतील, मुरडू द्यावं. देवनागरीची मर्यादाही सांगून ठेवतो. ‘बी’ आणि ‘व्ही’ ही रोमन अक्षरं वेगळी लिहिली तरी उच्चार एकच, ‘ब’च्या जवळचा. दोन स्वरांमध्ये आलेला द इतका मऊ होतो, की जीभ दातांना जेमतेम लागते. ‘पेरो’ म्हणजे पण, आणि र घोळवला की कुत्रा. हा घोळवलेला र आरशासमोर करत बसावा लागतो.

मराठी दगा देते त्या जागाही ओळखून ठेवायला हव्यात. पहिली आघाताची. मराठीत शब्दाच्या कुठल्या भागावर जोर द्यायचा यावर अर्थ ठरत नाही, त्यामुळे आपला कान त्या बाबतीत बहिरा असतो. ‘आब्लो’ यातल्या ‘आ’वर जोर दिला तर ‘मी बोलतो’, ‘ब्लो’वर दिला तर ‘तो बोलला’. नियम सोपा आहे: शब्दाच्या शेवटी स्वर, न किंवा स असेल तर शेवटून दुसऱ्या अक्षरावर जोर, नाहीतर शेवटच्या, अपवाद असेल तिथे स्वरावर तिरकी रेघ छापलेली असते. नियम कळणं आणि ऐकू येणं यांत मात्र काही महिने जातात.

दुसरी जागा ‘ने’ची. तिने आंबा खाल्ला, सफरचंद खाल्लं, पोळी खाल्ली. आपलं क्रियापद भूतकाळात कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जातं. स्पॅनिशमध्ये ‘कोमिओ’ तो ‘कोमिओ’च, तिने काहीही खाल्लेलं असो. तिसरी जागा ‘सेर’ आणि ‘एस्तार’ची. आपल्याकडे उंच आहे, आजारी आहे, घरी आहे, सगळीकडे एकच ‘आहे’. इथे वर्गात एक नियम देतात, कायमचं असेल तर सेर आणि तात्पुरतं असेल तर एस्तार. तो पाठ केला असेल तर विसरा. मेलेल्या माणसाला स्पॅनिश ‘एस्ता मुएर्तो’ म्हणते, आणि मरणाहून कायमचं काय असतं? पार्टी एका संध्याकाळची, तरी ती कुठे आहे हे सांगायला ‘सेर’च लागतं: ‘ला फिएस्ता एस एन मि कासा’. ‘सेर’ने ओळख सांगायची आणि समारंभाची जागा-वेळ, ‘एस्तार’ने अवस्था आणि माणसा-वस्तूंचा ठावठिकाणा, असं धरून चाला, बरंच निभावेल.

मग इंग्रजीचं काय करायचं? तिच्याकडून शब्द घ्यायचे. ‘नेशन’चं ‘नासिओन’, ‘इन्फर्मेशन’चं ‘इन्फोर्मासिओन’, ‘युनिव्हर्सिटी’चं ‘उनिबेर्सिदाद’. लॅटिनमधून दोन्हीकडे गेलेले असे शब्द शेकड्याने फुकट पदरात पडतात. ‘लँग्वेज ट्रान्स्फर’ नावाचा मोफत ऐकण्याचा अभ्यासक्रम याच पायावर उभा आहे आणि फार चांगला आहे. तो ऐकताना मनातल्या मनात वाक्याचं मराठी करत गेलात तर दुप्पट चांगला. फसवे शब्दही अर्थात आहेत. स्पेनमध्ये कुणी ‘एस्तोय कोन्स्तिपादो’ म्हणाला तर त्याला इसबगोल देऊ नका, बिचाऱ्याला सर्दी झालेली असते.

आता तासांचा हिशेब. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भाषाशिक्षण संस्था आपल्या इंग्रजीभाषक अधिकाऱ्यांना कामापुरती स्पॅनिश यायला सुमारे ३० आठवडे, म्हणजे ७०० तासांच्या आसपास वर्गात बसवते. आपला शनिवार-रविवारचा वर्ग आठवड्याला चार तासांचा धरला, वर्षाचे चाळीस आठवडे भरले, तर होतात १६० तास. मराठीच्या आधाराने यातलं काही वाचेल, पण उरलेलं घरीच भरून काढावं लागणार, आणि ते मुख्यतः ऐकून. आपला सुशिक्षित विद्यार्थी इथेच कमी पडतो. लिहिणं-वाचणं त्याला परीक्षेसाठी पाठ असतं. स्पॅनिश माणसं मात्र भरभर बोलतात आणि शब्द एकमेकांत मिसळून टाकतात. डेले ही इन्स्तितुतो सेर्वान्तेस या स्पेनच्या सरकारी भाषासंस्थेची परीक्षा नेमकी याच दुखण्यावर बोट ठेवते. बहुतेक पातळ्यांवर वाचन-लेखनाचा एक गट, ऐकणं-बोलण्याचा दुसरा, आणि दोन्हींत स्वतंत्रपणे ५० पैकी ३० गुण हवेत. निबंध कितीही देखणा लिहा, ऐकणं-बोलणं कच्चं असेल तर नापास.

म्हणून सुरुवातीला ‘ड्रीमिंग स्पॅनिश’ या यूट्यूब वाहिनीवर नवशिक्यांसाठी असलेले व्हिडिओ बघा. शिक्षक चित्रं काढत, हातवारे करत, सावकाश स्पॅनिशमध्येच बोलतात. चांगला पाया झाला की ‘रादिओ आम्बुलान्ते’. २०१२पासून चाललेलं हे ध्वनिसदर लॅटिन अमेरिकेतल्या खऱ्या गोष्टी सांगतं आणि बोललेलं सगळं लिहूनही देतं. आधी ऐका, मग वाचा, मग पुन्हा ऐका. स्पेनची स्पॅनिश की मेक्सिकोची, यावर फार डोकं शिणवू नका. ज्यांच्याशी बोलायचंय त्यांची घ्या.

लिहिण्यासाठी आपल्याकडे एक जुना, सिद्ध झालेला मार्ग आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी मुलांच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या, मराठी वाक्य समोर ठेवून. स्पॅनिशसाठी तशी पाठमाला आपली आपणच करायची. रोज रात्री दिवसभरात खरोखर तोंडून गेलेली चार-पाच मराठी वाक्यं वहीत उतरवा आणि त्यांचं स्पॅनिश करा. ‘गॅस संपला’, ‘बस चुकली’, ‘बाबांना फोन करायचा राहिला’. पुस्तकातला हुआन रोज सकाळी विमानतळावर जातो. आपण जात नाही. वाक्य आपलं असलं की त्यातलं क्रियापद दुसऱ्या दिवशी पुन्हा लागतंच, आणि घोकंपट्टी आपोआप होते.

ही वही तपासायला माणूस लागतो. इंग्रजी शिकू पाहणारे मेक्सिकन आणि स्पॅनिश लोक अदलाबदलीच्या अ‍ॅपवर चिकार भेटतात. मेक्सिको सिटी आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे आहे. आपल्या सकाळी सातच्या चहाला तिथे आदल्या संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. सकाळी उठवत नसेल त्याने माद्रिद धरावं, आपल्या रात्री नऊला तिथे ऋतूनुसार साडेचार नाहीतर साडेपाच. समोरचा दर दोन मिनिटांनी इंग्रजीवर घसरणार, कारण त्याला तुमच्याकडून तेच हवं असतं. तेव्हा पहिल्याच दिवशी घड्याळ लावून ठरवून घ्या: अर्धा तास त्याचा, अर्धा तुमचा, आणि तुमचा अर्धा तास आधी.