लेख धाडण्यापूर्वी

दिवाळी अंकांसाठी साहित्य मागविण्याचे दिवस आले की या सदराकडे एक प्रश्न हमखास येतो. यंदा तो एका सुशिक्षित गृहिणीने विचारला आहे. घरातील कामे आटोपल्यावर दुपारच्या वेळात त्यांनी आपल्या सासरच्या जुन्या वाड्यावर एक कथा लिहून पुरी केली. ती संपादकांकडे धाडण्यापूर्वी कोणास वाचावयास द्यावी की नाही, याचा त्यांना निर्णय होत नाही. घरात दिली तर थट्टा होईल, बाहेर दिली तर कल्पना चोरीस जाईल आणि कोणासच न दिली तर साभार परत येईल, अशा तिहेरी भीतीने ती वही कपाटाच्या तळाशी पडून आहे.

चोरीची भीती प्रथम निकालात काढू. आपल्याकडील १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखन कागदावर उतरले की त्यावरील स्वामित्वाचा हक्क लेखकाचा होतो. त्यासाठी ते छापले अथवा नोंदविले गेलेच पाहिजे असे नाही. नुसत्या कल्पनेस मात्र हे संरक्षण नाही. ती ज्या शब्दांत व ज्या रीतीने मांडली, त्या मांडणीस ते आहे. म्हणून कथा तोंडी सांगत फिरण्यापेक्षा लिहून झाल्यावर दाखविणे केव्हाही बरे. दाखविल्यामुळेच हक्क शाबीत झाल्याचेही उदाहरण आहे. चार्लस् डार्विनने आपल्या सिद्धांतावरील निबंध १८४४ साली लिहिला, पण छापला नाही. तो आपले मित्र हूकर यांस मात्र वाचावयास दिला. पुढे १८५८ साली वॉलेस यांचा तशाच विचारांचा निबंध डार्विनच्या हाती आला. तेव्हा हूकर व लायेल या मित्रांनी १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे दोघांचेही लेखन एकत्र मांडविले. हूकरने तो जुना निबंध पूर्वीच वाचलेला असल्यामुळे डार्विनच्या अग्रक्रमाविषयी शंका घेण्यास जागाच उरली नाही.

न दाखविण्याने काय गमावले जाऊ शकते, हे पाहावयाचे तर बहिणाबाई चौधरींचे स्मरण करावे. त्यांस अक्षरओळख नव्हती. घरोट्यावर व शेतात त्या रचीत असलेली गाणी घरच्या माणसांनी टिपून ठेवली. १९५१ साली त्या वारल्या. त्यानंतर त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी ती वही आचार्य अत्रे यांस दाखविली आणि १९५२ साली पुस्तक निघाले. सोपानदेव स्वतः कवी होते, तरीही त्यांना दुसऱ्या जाणत्याची नजर हवीशी वाटली. ती वही घरातच राहिली असती तर महाराष्ट्र केवढ्या ठेव्यास मुकला असता!

आता थट्टेविषयी. ही भीती खोटी नाही. एकत्र कुटुंबात लेखन मोठ्याने वाचून दाखविले की धाकट्या दिरास विनोद सुचतो, सासूबाईंस त्यात आपलीच छाया दिसते आणि लेखिका पुन्हा लेखणी हाती धरीत नाही. म्हणून साऱ्या माजघरास ऐकवू नये. मोबाईलवरील नातलगांच्या गटात धाडणे तर त्याहून वाईट, कारण शेकडो हातांतून फिरलेली कथा अप्रकाशित म्हणून संपादकांपुढे ठेवणे अवघड होते. एकदोन माणसे निवडावी. त्यांतील एक तरी भरपूर वाचणारे असावे आणि न आवडल्यास तसे सांगण्याइतके आपले असावे. पुण्यात १९२३ साली स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाचे कवी एकत्र जमून आपापल्या कविता एकमेकांस वाचून दाखवीत. ऐकणारा स्वतः लिहिणारा असल्यास त्याची टीका सहसा कामी येते.

परंतु कथेत अगर लेखात घरचे माणूस आले असेल, तर त्या माणसाससुद्धा ते आधी दाखवावे, असे मी अनुभवाने सांगतो. माझी एक आत्या होती. तरुणपणीच तिला वैधव्य आले आणि उरलेली हयात तिने आमच्याच घरी घालविली. तिच्यावर मी एक लेख लिहिला व कोणासही न दाखविता एका मासिकाकडे धाडला. तो छापून आला. घरी कौतुक झाले. थोरल्या भावाच्या मुंजीत तिला पुढे येऊ दिले नाही, तेव्हा ती चुलीपाशी बसून रडत होती, असा एक प्रसंग त्यात होता. आत्याने चष्मा लावून लेख पुरा वाचला, अंक मिटला आणि म्हणाली, "छान लिहिलं आहेस रे. पण मी रडत नव्हते. धुरानं डोळे चुरचुरत होते. मला राग आला होता."

मी निरुत्तर झालो. तिच्या संतापाचे मी दैन्य करून ठेवले होते, आणि अंक तर घरोघर गेला होता. आधी दाखविला असता तर लेख अधिक खरा झाला असताच, शिवाय अधिक चांगलाही झाला असता. आज आत्या नाही. लेख मात्र तसाच आहे.

तेव्हा भगिनींनी असे करावे. खर्डा पुरा होईपर्यंत कोणास काही सांगू नये. मग आठपंधरा दिवस तो बाजूस ठेवून स्वतः पुन्हा वाचावा. त्यानंतर निवडलेल्या माणसाच्या हाती द्यावा. "कशी वाटली?" असे विचारल्यास "छान" एवढेच उत्तर मिळते, त्याऐवजी वाचताना कोठे अडखळलात, कोठे कंटाळलात आणि काय खरे वाटले नाही, हे विचारावे. दोघांनी एकाच जागी बोट ठेवले तर तेथे दोष आहे असे खुशाल समजावे. उपाय मात्र आपला आपणच शोधावा. दुसऱ्याने सुचविलेले वाक्य जसेच्या तसे घेऊ नये. शेवटचा शब्द लिहिणाराचाच.

आणि त्या वाड्याच्या कथेत सासूबाई असतील, तर एखाद्या निवांत दुपारी त्यांच्याजवळ बसून तेवढा भाग त्यांना वाचून दाखवावा. त्या रागावतील कदाचित. पण आपण ऐकलीच नव्हती अशी एखादी गोष्टही सांगू लागतील.