पांढऱ्या रात्री आणि १२५ ग्रॅम पाव

आमच्या महाबळेश्वरला येऊन गेला असाल, तर बॉम्बे पॉइंटवर गर्दीत उभं राहून सूर्यास्त नक्की पाहिला असेल. आम्हा इथल्या पोरांना लहानपणी याची फार गंमत वाटायची. सूर्य रोजच बुडतो, तो बघायला एवढ्या लांबून काय यायचं? पण १९९६ च्या जूनमध्ये मी अशा गावी गेले, जिथं सूर्य बुडायला रात्रीचे सव्वाअकरा वाजून जायचे, आणि बुडाल्यावरही काळोख म्हणून पडायचाच नाही! तेव्हा मीसुद्धा पर्यटकांसारखी तोंड उघडं टाकून बघत उभी राहिले.

ते गाव म्हणजे रशियातलं सेंट पीटर्सबर्ग. पीटर राजानं १७०३ मध्ये नेवा नदीच्या मुखाशी दलदलीत वसवलेलं. १९२४ ते १९९१ या काळात त्याचं नाव होतं लेनिनग्राड. मी तेव्हा पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकत होते, आणि तिथल्या विद्यापीठाच्या उन्हाळी वर्गाला सहा आठवड्यांसाठी जायची संधी मिळाली. घरी बातमी सांगितली तर आजी म्हणाली, "पावसाळ्याच्या तोंडावर कुठं निघालीस? घराला गवत बांधायला कोण?"

रशियाला जाणारी मी काही पहिली मराठी विद्यार्थिनी नव्हे, बरं का. गोव्यात जन्मलेले धर्मानंद कोसंबी बौद्ध धर्म शिकण्यासाठी १८९९ मध्ये घराबाहेर पडले, आणि शिकत शिकत, शिकवत शिकवत १९२९ मध्ये थेट लेनिनग्राडच्या बौद्ध विद्येच्या संस्थेत जाऊन पोचले. आणि आमच्याच कृष्णेच्या खोऽ्यातल्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे! शाळेत गेले ते जेमतेम दीड दिवस. आधी मुंबईत बसून त्यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला आणि १९६१ मध्ये तो देश प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहून आले. त्यांचं 'माझा रशियाचा प्रवास' हे पुस्तक मी जाताना पिशवीत टाकलं होतं. घरची आठवण आली की काढायचं आणि दोन पानं वाचायची.

आता तो न बुडणारा सूर्य. महाबळेश्वर विषुववृत्तापासून सुमारे १८ अंश उत्तरेला, तर पीटर्सबर्ग जवळजवळ ६० अंशांवर. पृथ्वी कलंडलेली आहे हे भूगोलात शिकलातच. जूनमध्ये तिचा उत्तरेकडचा भाग सूर्याकडे झुकलेला असतो. त्यामुळे तिथं सूर्य खाली जातो तोही तिरपा तिरपा, आणि क्षितिजाखाली थोडासाच दडून परत वर येतो. मधल्या वेळात आकाश आपल्या तिन्हीसांजेसारखं दुधाळ राहतं. या रात्रींना तिथं 'पांढऱ्या रात्री' म्हणतात. मला तर पहिले चार दिवस झोपच येईना. शेवटी खिडकीला घोंगडी टांगली.

बाईंनी पहिल्या दिवशी गृहपाठ दिला तो असा: "रस्त्यावरच्या पाट्या वाचा." सोपं वाटतं ना? मला एका दारावर पाटी दिसली, 'पेक्टोपाह'. शब्दकोशात असा शब्दच नाही! मग डोक्यात प्रकाश पडला. रशियन लिपीत इंग्रजी 'पी'सारखं दिसणारं अक्षर म्हणजे 'र', 'सी'सारखं म्हणजे 'स', आणि 'एच'सारखं म्हणजे 'न'. ते होतं रेस्तोरान! शिकलेलं विसरून घाईघाईनं वाचलं की असं होतं.

एका बाबतीत मात्र आपण मराठी लोक भाग्यवान. रशियात मोठ्या माणसाला हाक मारताना नावापुढं वडिलांचं नाव लावतात. वर्गातल्या परदेशी मुलांना ते काही केल्या जमेना. मी म्हटलं, यात काय अवघड? सचिन रमेश तेंडुलकर! बाई खूश झाल्या.

पीटर्सबर्गात बघायला इतकं आहे की पाय दुखतात, डोळे भरत नाहीत. हर्मिटाज हे राजवाड्यातलं प्रचंड चित्रसंग्रहालय, त्याच्या तळघरात उंदीर मारायला पाळलेली मांजरं, रोज दुपारी बाराच्या ठोक्याला किल्ल्यावरून सुटणारी तोफ... आणि नेवेवरचे पूल! रात्री मोठी जहाजं जावीत म्हणून ते मधोमध दुभंगून वर उचलले जातात. आमचं वसतिगृह वसील्येव्स्की बेटावर. एकदा पूल उघडताना बघायच्या नादात मी पलीकडच्या काठावर राहिले आणि पहाटेपर्यंत बाकावर बसून काढली. उजेड होता म्हणून भीती वाटली नाही, पण थंडीनं दात वाजत होते.

तर त्या पाट्यांच्या गृहपाठात, नेव्स्की रस्त्यावर १४ नंबरच्या इमारतीवर मला एक निळी पाटी दिसली. पांढरी अक्षरं. शब्दकोश न उघडता मी पूर्ण वाचलेलं हे पहिलं मोठं रशियन वाक्य. आनंदानं मोठ्यांदा वाचलं, आणि अर्थ लागला तशी गप्प झाले. पाटी सांगत होती की नागरिकहो, तोफांचा मारा चालू असताना रस्त्याची ही बाजू सर्वांत धोक्याची आहे. ती इमारत शाळेची आहे.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्यानं या शहराला वेढा घातला होता. ८ सप्टेंबर १९४१ ते २७ जानेवारी १९४४, म्हणजे ८७२ दिवस. आपल्याकडं पन्हाळ्याचा वेढा चार महिन्यांचा, तो आपण अजून सांगतो. इथं लाखो माणसं, त्यात तुमच्याएवढी मुलंही, आणि अन्न संपत आलेलं. बहुतेक माणसं बाँबनं नव्हे, भुकेनं गेली.

हे मला पुस्तकात कळलं नाही, खाणावळीत कळलं. तिथला काळा पाव आंबूस असतो. मला तो आवडायचा नाही. एकदा अर्धा तुकडा ताटात टाकून उठले. ताटं उचलणाऱ्या आजीबाईंनी तो तुकडा हातात घेतला, कागदात गुंडाळला आणि एप्रनच्या खिशात ठेवला. रागावल्या नाहीत. मला ते फारच लागलं. बाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "त्या वेढ्यातल्या आहेत." १९४१ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मुलांना आणि घरी बसणाऱ्यांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळायचा. बास. दुसरं फारसं काही नाही. आणि त्या पावातही पीठ कमी. सरकीची पेंड नि लाकडाचा लगदा घातलेला. सरकीची पेंड म्हणजे काय, ते मला बाईंनी समजावायची गरज नव्हती. आमची म्हैस खायची ती.

मग बाई आम्हाला ईसाक चौकात घेऊन गेल्या. सोनेरी घुमटाचं मोठं चर्च सगळ्यांनी पाहिलं, फोटो काढले. बाईंनी बोट दाखवलं ते समोरच्या एका साध्या, दगडी इमारतीकडं. वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वावीलॉव यांची संस्था. हा माणूस अफगाणिस्तान, इथिओपिया असे देश पालथे घालून धान्यांची, भाज्यांची, फळांची वाणं गोळा करत हिंडला. कुठल्या डोंगरातला गहू थंडी सोसतो, कुठल्या कोपऱ्यातला हरभरा रोगाला दाद देत नाही, हे सगळं बी एका जागी जपलं तर पुढं दुष्काळ पडणार नाही, असं त्यांचं म्हणणं. दुर्दैव बघा. १९४० मध्ये त्यांच्याच सरकारनं त्यांना अटक केली, आणि १९४३ मध्ये ते सारातॉवच्या तुरुंगात वारले. जगाला पोटभर मिळावं म्हणून धडपडणारा हा माणूस कोठडीत उपासमारीनं गेला.

इकडं वेढ्यात त्यांचे सहकारी त्या इमारतीत बियांची राखण करत होते. लाखाहून अधिक वाणं! खोल्यांत तांदूळ, गहू, मका, वाटाणे, सगळं पुड्यांत भरून ठेवलेलं. बाहेर उपाशी शहर, आत उंदीर. खिडक्या फुटलेल्या, हाडं गोठवणारी थंडी. पाव्लोव्स्क गावच्या शेतातले बटाटे तर तोफा धडधडत असताना काढून आणलेले. तळघरात ते गोठू नयेत म्हणून मिळेल ते जाळून ऊब ठेवायची, पण त्यातला एक बटाटा उकडून खायचा नाही. भुईमुगाचे अभ्यासक अलेक्सांद्र शुकिन आपल्या टेबलाशी बसल्या बसल्या गेले. भाताचे अभ्यासक दमीत्री इवानॉव गेले, तेव्हा त्यांच्या खोलीत भाताच्या हजारो पुड्या शाबूत होत्या. असे आणखीही कित्येक.

तुम्ही म्हणाल, हा काय वेडेपणा? जीव वाचवायला मूठभर भात शिजवला असता तर काय बिघडलं असतं? मीही बाईंना हेच विचारलं. मला अजूनही या प्रश्नाचं सरळ उत्तर देता येत नाही. बाईंनीही दिलं नाही. म्हणाल्या, "रविवारी पाव्लोव्स्कला जाऊ."

पाव्लोव्स्क लोकल गाडीनं तासाभराच्या आतच येतं. तिथं राजवाडा नि मोठी बाग आहे. पण मला आठवतं ते स्टेशन. बाहेर म्हाताऱ्या बायका बादल्या घेऊन बसलेल्या, आणि बादल्यांत स्ट्रॉबेरी! वजनावर नाही, काचेच्या पेल्यानं मापून द्यायच्या. "स्कोल्को स्तोइत?" मी ऐटीत किंमत विचारली. तेव्हा तिथल्या नोटांवर इतकी शून्यं असायची की पेलाभर फळांना हजारांत पैसे मोजले. फळं आपल्याहून बारीक, पण चव! आपल्याकडं स्ट्रॉबेरी हिवाळ्यापासून एप्रिलपर्यंत, तिथं जून-जुलैत. रानातल्या स्ट्रॉबेरीला रशियनमध्ये 'झेम्ल्यानीका' म्हणतात. 'झेम्ल्या' म्हणजे जमीन. मी मनात त्याचं 'भुईफळ' करून टाकलं.

बाई म्हणाल्या, याच गावात संस्थेचं शेत आहे, आणि त्यात देशोदेशीची स्ट्रॉबेरी लावून जपलीय. नुसतं बी का नाही ठेवत? शेतकऱ्याच्या पोरीला हे माहीत असतं. स्ट्रॉबेरीचं बी पेरलं तर आईसारखं लेकरू होईलच असं नाही. रोपाला जे धागे फुटतात, ज्यांना आम्ही रनर म्हणतो, त्यांच्यापासूनच तीच जात पुढं चालते. म्हणून रोप जिवंतच ठेवावं लागतं, वर्षानुवर्षं. आपल्या भागात तर स्वीट चार्ली, विंटर डॉन, कॅमारोझा ही सगळी नावं बाहेरून आलेली, मातृरोपंही परदेशातून आणावी लागतात. २०१० मध्ये आपल्या महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं. आणि त्याच वर्षी ते पाव्लोव्स्कचं शेत मोडून तिथं घरं बांधायचं घाटत होतं! जगभरच्या शास्त्रज्ञांनी आरडाओरडा केला, पत्रं लिहिली, तेव्हा कुठं ते वाचलं.

जुलैच्या शेवटी मी घरी आले. धुकं एवढं की अंगणातला फणस दिसेना. चुलीपाशी बसून सगळ्यांना गोष्टी सांगितल्या. पूल, मांजरं, पांढऱ्या रात्री. मग त्या पावाची गोष्ट. बाबांनी पेट्या भरायचा तराजू आणला आणि भाकरी मोडून १२५ ग्रॅम तोलून दाखवली. साधारण एक भाकरी. धाकटा भाऊ म्हणाला, "दिवसभराला?" आणि कुणी काही बोललं नाही.

आजीचं माहेर माण तालुक्यातलं, कायम दुष्काळी. बहात्तरच्या दुष्काळात तिथं लोकांनी खडी फोडली, सुकडी खाल्ली, परदेशातून आलेला लाल मिलो खाल्ला. आजी म्हणाली, "आमच्या आईनं राख लावून मडक्यात बियाची जुंधळी ठिवली व्हती. आमी पोरं रडायचो. पर तिनं मडक्याला हात लावू दिला न्हाय." मग जरा थांबून तिनं विचारलं, "त्यो भात पुढं उगवला का गं?"

मला सांगता येईना. एवढ्या चौकश्या केल्या, आणि हेच विचारायचं राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी बाईंना पत्र टाकलं. उत्तर यायला दिवाळी उजाडली. पत्रात लिहिलं होतं की लढाई संपल्यावर त्या बिया पेरल्या गेल्या, त्यांच्यापासून नवी वाणं निघाली आणि देशभर शेतात गेली. मी ते मोठ्यांदा वाचून दाखवलं. आजी शेंगा फोडत होती. मान वर न करता म्हणाली, "मंग बरं झालं."