पाकिटातला टीडीएस

‘आपल्याले कायचा टॅक्स आला भाऊ?’ अमरावतीकडच्या कोणत्याही पेटीवाल्याला विचारा, हेच ऐकू येईल. तो चुकीचं बोलत नाही. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही, आणि लग्नाची, भागवत सप्ताहाची पाकिटं जमवून तिथवर पोचलेला वादक मला तरी अकोल्यात भेटलेला नाही.

गंमत अशी की पैसे बुडतात ते याचेच. एखादं महाविद्यालय किंवा ट्रस्ट मोठं मानधन देताना सहसा १० टक्के टीडीएस कापतं. पॅन दिला नाही तर २० टक्के. साठ हजारांतले सहा हजार गेले. ते परत मिळतात, पण विवरणपत्र भरणाऱ्यालाच. कर नाही म्हणून विवरणपत्रही नाही, हा हिशेब फक्त सरकारला परवडतो.

वन्समोअरला पेटीवर ठेवलेली पाचशेची नोटही भेट नव्हे, कमाईच. पण त्याच कमाईतून अकोल्याचं गाडीभाडं, तबल्याची पुडी, साथीदारांची बिदागी वजा होते. त्यासाठी वही ठेवावी लागते, आणि वहीचं नाव काढलं की आमचे कलावंत एकदम तानपुरा जुळवायला बसतात.

फुकट वाजवण्याची तर वऱ्हाडात रीतच. मोझरीच्या तुकडोजी महाराजांच्या खंजिरीमागे गावोगावी भजनी मंडळं उभी राहिली. तिथे मानधन कोण मागणार? न घेतलेल्या पैशावर कर नाही, हे उघड आहे. पण एका तबलजीनं विचारलं, ‘गणपतीत फुकट वाजवलं, माझा रेट पाच हजार, तेवढी देणगी दाखवू काय?’ नाही दाखवता येत. देणगीची वजावट प्रत्यक्ष दिलेल्या पैशाची असते, आणि तीही जुन्या करप्रणालीत.

जीएसटीचं थोडक्यात: दंडार, खडी गंमत, गोंधळ किंवा शास्त्रीय मैफल असेल तर कार्यक्रमामागे दीड लाखापर्यंतचं मानधन माफ. फिल्मी ऑर्केस्ट्राला ही माफी नाही. मात्र वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीचीच गरज नाही.

टीडीएस कापून तो भरायचं विसरणारे आयोजकही असतात. आपल्या नावावर किती जमा झाला, ते आयकर खात्याच्या पोर्टलवर दिसतं. तिथे आकडा नसेल, तर त्यांची पुढची सुपारी घेण्याआधी सर्टिफिकेट मागून घ्या.