बिऱ्हाड कोठें करावें?

घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. मुंबईंत स्वतः घर बांधण्याचा योग फारच थोड्यांच्या कपाळीं असतो; बाकीच्यांनीं घर पाहावयाचें तें शोधूनच. हें शोधणें मोठें कष्टाचें काम आहे. किंमत किंवा भाडें, खोल्या किती, पाणी केव्हां येतें, स्टेशन किती जवळ, शेजार कसा, इतक्या गोष्टी पारखून घरचीं वडील माणसें निर्णय घेतात, आणि सर्व ठरल्यावर कोणीतरी विचारतें, "मुलांच्या शाळेचें काय?" आमच्या मतें हा प्रश्न शेवटीं नव्हे, प्रारंभींच विचारला पाहिजे. ह्या लेखांत पालकांस व विद्यार्थ्यांस तेवढेंच सांगावयाचें आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या शाळेंत सहावीच्या वर्गांत एक मुलगा होता. त्याचें कुटुंब गिरगांवांतील चाळींत एका खोलींत दोन पिढ्या राहत होतें. माणसें वाढलीं, खोली पुरेना, तेव्हां डोंबिवलीस दोन खोल्यांचें घर घेऊन मंडळी तिकडे राहावयास गेली. जागा ऐसपैस, हवा मोकळी. तक्रार करण्यासारखें कांहीं नव्हतें. मुलाची शाळा मात्र वडिलांनीं बदलली नाहीं. ते स्वतः ह्याच शाळेचे विद्यार्थी. मुलानेंही येथेंच शिकावें असा त्यांचा आग्रह. डोंबिवली स्टेशन छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारें ४८ किलोमीटर आहे. मुलगा पहांटे पांचाला उठे, वडिलांच्या मागोमाग गाडीच्या गर्दींत शिरे, आणि वर्गांत दुसऱ्या तासाला बाकावर पेंगूं लागे. आम्ही प्रथम त्याच्यावर रागावलों, हें कबूल केलें पाहिजे. पुढें एकदां 'माझा आवडता खेळ' ह्या विषयावर निबंध लिहावयास सांगितला असतां त्याच्या वहींत एकच ओळ आढळली: "मला खेळावयास वेळ नसतो, म्हणून माझा आवडता खेळ नाहीं." त्या ओळीवर लाल शाई चालविण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, आतां एक सोपें गणित करूं. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा जो कायदा २००९ सालीं झाला, त्यांत सहावी ते आठवीच्या वर्गांकरितां वर्षास किमान २२० दिवस आणि १,००० तास शिक्षण ठरविलेलें आहे. ज्या मुलास शाळेंत येण्यास एक तास व घरीं जाण्यास एक तास लागतो, त्याचे ह्या २२० दिवसांत ४४० तास वाटेंत जातात. म्हणजे शंभर तासांच्या शिक्षणासाठीं चव्वेचाळीस तासांचा प्रवास! सहावीपासून दहावीपर्यंत हाच क्रम चालला, तर पांच वर्षांत २,२०० तास होतात; हे एक्याण्णव अहोरात्रांहून अधिक झाले. आमच्या त्या मुलास घरापासून वर्गापर्यंत एका बाजूस पावणेदोन तास लागत. त्याचे वर्षाचे ७७० तास भरले. शिक्षणाच्या हजार तासांशीं हा आंकडा ताडून पाहावा. उलट, ज्याची शाळा घरापासून पंधरा मिनिटांच्या पायवाटेवर आहे, त्याचे वर्षांत अवघे ११० तास जातात, आणि तेही सोबत्यांबरोबर गप्पा मारीत.

हे तास कोठून येतात? ते प्रथम झोपेंतून वजा होतात, मग खेळांतून, मग अवांतर वाचनांतून, आणि शेवटीं घरच्या माणसांच्या सहवासांतून. झोपेची गोष्ट शासनासही पटली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्यें चौथीपर्यंतचे वर्ग सकाळीं नऊच्या आधीं भरवूं नयेत असा आदेश महाराष्ट्र शासनानें काढला. परंतु शाळा नऊला भरली आणि घर दोन तास लांब असलें, तर त्या सवलतीचा लाभ मुलास कितीसा होणार?

कोणी म्हणतील, आगगाडी हीही एक शाळाच आहे. तींत मूल धीट होतें, जग पाहतें. ह्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. महाविद्यालयांत जाणाऱ्या तरुणानें हा प्रवास खुशाल करावा. पण दहा-अकरा वर्षांचें मूल मोठ्या माणसांच्या कोंपरांखालीं उभें असतें तेव्हां तें जग पाहत नाहीं. तें फक्त आपलें दप्तर सांभाळीत असतें.

घर आणि शाळा ह्यांची अशी फारकत मुंबईंत पूर्वींपासूनच होती असें मात्र नव्हे. आज शहराच्या जुन्या भागांत दिसणाऱ्या शाळा तेथें निघाल्या, त्या लोक तेथें राहत होते म्हणून. डॉ. जॉन विल्सन ह्यांची १८३२ सालची शाळा गिरगांवांत सुरू झाली. त्या वेळीं मुंबईंत आगगाडीही नव्हती. बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली ती १६ एप्रिल १८५३ रोजीं. पुढें १८९६ सालीं प्लेगची सांथ आली आणि दाट वस्तीचे भयंकर परिणाम सर्वांच्या दृष्टीस पडले. १८९८ सालीं इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली, व त्या ट्रस्टनें दादर-माटुंग्याकडे रुंद रस्त्यांच्या नव्या वसाहती आंखल्या. तेथें राहावयास गेलेल्या कुटुंबांच्या पाठोपाठ शाळाही गेल्या. हिंदु कॉलनींतील किंग जॉर्ज शाळा, जी आज राजा शिवाजी विद्यालय ह्या नांवानें ओळखली जाते, ती ह्यांपैकींच. लोकमान्य टिळक १९२० सालीं निवर्तले, आणि दुसऱ्याच वर्षीं पार्लेकरांनीं त्यांच्या नांवानें आपल्या गांवांत विद्यालय काढलें. शिवाजी पार्कच्या परिसरांत दादासाहेब रेगे ह्यांनीं १९४० सालीं बालमोहन विद्यामंदिर सुरू केलें. ह्या शाळा आज नांवाजलेल्या आहेत. पण आरंभीं त्या केवळ जवळच्या शाळा होत्या. जेथें बिऱ्हाड केलें तेथें शाळा हवी, हें त्या पिढीस सांगावें लागलें नाहीं. आज नवीन वसाहतींच्या जाहिरातींत पोहण्याचा तलाव असतो, व्यायामशाळा असते, बाग असते. मुलें पायीं कोठें शिकावयास जातील, हें मात्र क्वचितच लिहिलेलें असतें.

जवळची शाळा म्हणजे किती जवळची? त्यासही माप आहे. २००९ च्या कायद्याखालीं जे नियम झाले, त्यांत पहिली ते पांचवीच्या मुलांस एक किलोमीटरच्या आंत व सहावी ते आठवीच्या मुलांस तीन किलोमीटरच्या आंत शाळा असावी असें धरलें आहे. त्याच्याही आधीं, १९६४ ते १९६६ ह्या काळांत काम केलेल्या कोठारी आयोगानें परिसरांतील सर्व थरांच्या मुलांनीं एकाच शेजारच्या शाळेंत शिकावें अशी शिफारस केली होती. ती शिफारस पुष्कळशी कागदावरच राहिली. तिच्या आड पैशाची अडचण आली तशीच आपली नांवाची हांवही आली.

ह्या हांवेविषयीं आम्हीं बोलावें हें कोणास विचित्र वाटेल. आमच्या शाळेंतही मुलें लांबलांबून येतात, आणि त्याचा आम्हांस आजवर अभिमानच वाटत आला आहे. तरीही ह्याच वार्षिकांत आम्ही लिहितों कीं, शाळेचें नांव हें मागल्या पिढीच्या मुलांनीं मिळविलेलें असतें. तें पुढल्या पिढीच्या मुलास आपोआप कांहीं शिकवीत नाहीं. शाळेची परीक्षा पालकांनीं स्वतः करावी. शाळा सुटण्याच्या वेळीं फाटकाशीं उभें राहावें आणि बाहेर पडणाऱ्या मुलांचे चेहरे पाहावे. पहिल्या नंबरच्या मुलाची नव्हे, मधल्या मुलाची वही मागून घ्यावी, आणि ती कोणी मनापासून तपासली आहे काय तें पाहावें. ग्रंथालयांतील पुस्तकें मुलांच्या हातीं जातात कीं कपाटांत कुलुपबंद असतात, तें विचारावें. शिक्षक वर्षानुवर्षें टिकतात कीं दर जूनमध्यें बदलतात, ह्याची चौकशी करावी. एवढ्या गोष्टी घराजवळच्या साध्या शाळेंत आढळल्या, तर तिला सोडून दूरच्या मोठ्या नांवामागें धांवण्याचें कारण नाहीं. त्या आढळल्या नाहींत, तर घरच दुसरीकडे पाहावें. शाळा चांगली आणि घरही तिच्या जवळ, हीच जोडी शोधावयाची असते. एकीसाठीं दुसरीचा बळी द्यावयाचा नसतो.

आमच्या म्हणण्यावर खरा आक्षेप निराळाच आहे. निवड करावयास हातांत पैसा लागतो. जेथें चांगल्या शाळा आहेत तेथें घरांच्या किंमती चढलेल्या असतात, आणि नोकरदार माणूस स्वस्त जागेच्या शोधांत बदलापूर, विरार असा सरकत जातो. अशा माणसास दोष देणें अन्यायाचें होईल. त्यास आम्ही इतकेंच सुचवूं कीं, दोन बिऱ्हाडांत निवड करावयाची पाळी आली तर एखादी खोली कमी असलेलें, पण शाळेच्या जवळचें घर घ्यावें. मूल लहान खोलींत वाढतें. वाटेंत तें नुसतें थकतें. बाकीचा दोष आमच्यासारख्या संस्थांच्या आणि शासनाच्या पदरीं घालावा. जुन्या वस्त्यांतील कित्येक मराठी शाळांचे वर्ग रिकामे होत आहेत, कारण मुलें उपनगरांत गेलीं. लोक जेथें गेले तेथें चांगली शाळा जावयास नको काय? पार्लेकरांनीं १९२१ सालीं जें केलें, तें आज करणें अशक्य कां मानावें?

जवळपणाचा आणखी एक गुण संकटाच्या दिवशीं कळून येतो. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. लोकल गाड्या बंद पडल्या, रस्ते पाण्याखालीं गेले. कित्येक मुलांनीं ती रात्र शाळेंतच काढली, आणि कित्येक आईबाप कचेऱ्यांत नाहीं तर रस्त्यांवर अडकून राहिले. ज्यांची शाळा दोन गल्ल्यांपलीकडे होती, त्यांस शेजारच्या काकू किंवा चाळींतले दादा हाताला धरून घरीं घेऊन आले. असा पाऊस रोज पडत नाहीं. परंतु मुलाला दुपारीं ताप येणें, गाड्या उशिरा धांवणें, ह्या गोष्टी दर वर्षीं घडतात.

आतां जे घर शोधीत आहेत त्यांच्यासाठीं दोन व्यवहाराच्या गोष्टी. आजकाल बहुतेक घरांत आई व वडील दोघेंही नोकरी करितात. तेव्हां वडिलांची कचेरी, आईची कचेरी आणि मुलांची शाळा अशा तीन टोंकांचा त्रिकोण होतो, आणि घर त्याच्या मध्यें बसवावें असें वाटतें. आमचा सल्ला असा कीं, घर शाळेच्या टोंकाशीं बसवावें. मोठ्या माणसास प्रवास सोसतो, लहानास सोसत नाहीं. मात्र मोठ्यांच्या प्रवासासही मर्यादा हवी. जो बाप मुलें उठण्यापूर्वीं घर सोडतो आणि तीं झोपल्यावर परत येतो, त्याच्या घराजवळची शाळा बापाची जागा भरून काढूं शकत नाहीं. म्हणून दोघांपैकीं एकजण तरी दिवेलागणीस घरीं पोंचेल, असें अंतर पाहावें.

दुसरी गोष्ट अशी कीं, अंतर दलालाच्या तोंडून ऐकूं नये. "स्टेशनपासून पांच मिनिटें" ह्या शब्दांचा अर्थ रविवारीं सकाळीं एक असतो आणि सोमवारीं संध्याकाळीं दुसरा. विसार देण्यापूर्वीं मुलास बरोबर घेऊन, शाळेच्या दिवशीं, शाळेच्याच वेळेस, आणि जमल्यास भर पावसांत ती वाट एकदां चालून पाहावी. रिक्षाच्या रांगेंत किती वेळ गेला, पूल किती चढावे लागले, गाडी किती वेळां बदलली, रस्ता कोठें ओलांडावा लागला, हें सर्व टिपून घ्यावें. मेट्रोच्या नव्या मार्गांनीं कांहीं भागांतील प्रवास सुखाचा झाला आहे; पण मार्ग होणार आहे ह्या आशेवर घर घेऊं नये. मूल पांचवींतून दहावींत जाईपर्यंत तो खांबांच्याच अवस्थेंत राहण्याचा संभव असतो.

ज्या मुलाची हकीगत आम्हीं वर सांगितली, त्याचे वडील वर्षअखेरीस शाळा सोडल्याचा दाखला मागावयास आले. त्यांचे डोळे पाणावले होते, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांसही वाईट वाटलें; मुलगा गुणी होता. दाखल्यावर सही झाली. मुलगा घराजवळच्या एका साध्या शाळेंत जाऊं लागला. पुढें एकदां वडील भेटले तेव्हां आम्हीं गुणांची चौकशी केली. ते म्हणाले, "गुण पूर्वींइतकेच आहेत. पण सर, तो आतां संध्याकाळीं कबड्डी खेळतो, आणि रात्रीं जेवतांना बोलतो."

पालकहो, घर पाहतांना ह्या शेवटच्या वाक्याची आठवण ठेवावी, एवढीच विनंति.